तीनशेपंधरा की तीनशेपंच्याहत्तर

दोन वर्षं आमच्या घरात एकच विषय चालला होता, रायफल कोणती घ्यायची. मी सतरा वर्षांची होते. लोकांच्या घरात अशा वयाच्या मुलीसाठी स्थळं बघतात, आमच्याकडं बंदुकीच्या नळीच्या मापाचे, बोराचे आकडे बघत होते. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पोरीचं कुणी नाव काढंना, आन् ह्यांना लोखंडाची सोयरीक जुळवायची घाई झाली." अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मला म्हणायचे, "शकू, ते पुस्तक आण गं." पुस्तक म्हणजे हैदराबादच्या एका जुन्या बंदूकवाल्याचा इंग्रजी कॅटलॉग. त्याची पानं हळदीच्या रंगाची झाली होती आणि मधल्या चारपाच पानांवर आईच्या हातच्या तेलाचे डाग होते, कारण आईनं ते एकदा रागानं पापडाच्या डब्याखाली घातलं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. झरीला आमची शेती, कापूस आणि ज्वारी. पण पंचक्रोशीत अप्पांना शेतीमुळं कुणी ओळखत नव्हतं, त्यांच्या बाराबोर दुनळीमुळं ओळखायचं. कुणाच्या भुईमुगात डुकरं शिरली, कुणाच्या हरभऱ्यात नीलगायी, आमच्याकडचे रोही, उतरले की माणूस सकाळीच दारात हजर. "अप्पा, समदं रान लोळवलंय, या की." मग अप्पा चहा पूर्ण पिऊन, पायात बूट चढवून निघायचे. माझा मोठा भाऊ औरंगाबादला कॉलेजात होता. त्याला बंदुकीच्या आवाजानं मळमळायचं, लहानपणापासून. त्यामुळं अप्पांच्या मागं चालायला उरले मी. आज हे वाचून कुणी नाक मुरडेल. मुरडू दे. मी स्वतः आता हरणांच्या बाजूची आहे, गेली तीस वर्षं मटण शिवत नाही. पण त्या दिवसांची ओढ मात्र सुटत नाही, आणि ती सुटावी असं मला वाटतही नाही, खरं सांगायचं तर.

शिकारीत माझे आधी पाय तयार झाले, हात नंतर. त्याला कारण खानचाचा. खानचाचा निजामाच्या काळात जंगलखात्यात दरोगा होते, आता पेन्शनीत, राहायला परभणीत. दर आठ दिवसांनी ते एसटीनं झरीला यायचे, अंगात बंद गळ्याचा खाकी कोट, हातात पानांची डबी. अप्पांचे ते एकुलते एक दोस्त. अप्पा बाकी सगळ्या जगाशी कामापुरतं बोलायचे. तर खानचाचा हलाल केल्याशिवाय खाणार नाहीत. अप्पांच्या बारानं तितर पडला की त्याचा जीव जायच्या आत खानचाचांनी त्याच्यापर्यंत पोचायला पाहिजे, आणि त्यांचे गुडघे तर कामातून गेलेले. मग मी धावत जायचे, तितर उचलायचे आणि तसाच पळत त्यांच्याकडं आणायचे. ढेकळातून, काट्यातून, परकर खोचून. ते बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायचे आणि म्हणायचे, "शाबास बेटी, तुझ्यामुळं आज आम्ही जेवणार." एक दिवस अप्पांनी दुनळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लय पळालीस. आज मी पळतो, तू मार." मी मारला आणि माझे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे वडील धोतराचा सोगा धरून ढेकळातून पळाले. खानचाचा हसून हसून खाली बसले.

घरी आलं की शिकारीचं सगळं परसात. आईनं त्याला वेगळी चूल केली होती, वेगळी पातेली, वेगळी पळी. ती स्वतः खायची नाही, पण तिच्या हातच्या काळ्या मसाल्याला तोड नव्हती. खोबरं भाजायचा वास सुटला की शेजारच्या घरातली पोरं उगीच काहीतरी मागायला यायची. आम्ही परसातच पाटावर बसायचो. भाकरी रश्श्यात कुस्करायची, वर कांदा हातानं फोडून घ्यायचा. जेवताना दाताखाली छर्रा यायचाच. तो काढून पितळेच्या ताटाच्या कडेला टाकायचा, टण् असा बारीक आवाज व्हायचा. आमच्या जेवणात बोलणं कमी आणि हे टण् टण् जास्त. अप्पा कुणाच्या ताटात किती झाले ते ऐकत असायचे. मला आजही कधी स्टीलच्या ताटात कढीपत्त्याचं देठ टाकताना वाटतं, आवाज येईल. येत नाही. मग थोडा वेळ जेवण गोड लागत नाही.

आता रायफलीचं. बाराबोर डुकराला ठीक, पण अप्पांना किनवटच्या जंगलात जायचं होतं. तिथं परवाना काढला की पंधरा दिवसांसाठी जंगलाचा एक ब्लॉक मिळायचा. सांबर, अस्वल, नशिबात असला तर पट्टेवाला वाघ. आयुष्यात एकदा तरी मोठ्या जनावरासमोर उभं राहायचं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती, आणि त्याला रायफल पाहिजे. निवड दोनांत येऊन थांबली होती. एक तीनशेपंधरा, देशी कारखान्याची, हलकी, काडतुसं सहज मिळणारी. दुसरी तीनशेपंच्याहत्तर मॅग्नम, विलायती, जुनी. हैदराबादेत खानचाचांच्या नात्यात एका घरी ती पडून होती आणि ते विकणार होते. खानचाचांचा जीव मोठीवर. ते म्हणायचे, "अप्पासाब, जनावर जखमी होऊन झाडीत शिरलं की मागं जावं लागतं. तिथं तीनशेपंधरा घेऊन जाणार? ती हरणाला ठीक हाय. अस्वलाला तिनं फक्त राग येतो." अप्पा मान डोलवायचे आणि पुन्हा मला म्हणायचे, "तीनशेपंधराचं वाच गं, गोळीचं वजन किती लिवलंय?"

मी वाचायचे. वजन, वेग, शंभर वारांवर किती घसरते, दोनशेवर किती. मला शाळेतला इतिहास आठवत नाही, पण ते आकडे आजही झोपेतून उठवून विचारा. आणि हे वाचून दाखवतानाच माझ्या ध्यानात आलं, की अप्पा मला वाचायला सांगतात ते इंग्रजीसाठी नाही. इंग्रजी त्यांना येत होतं. मॅट्रिक झाले होते. त्यांच्या उजव्या डोळ्यात, बुबुळावर, दुधाचा थेंब सांडल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं होतं. मग मला मागचंही उमजलं. तितर उठला की ते हल्ली म्हणायचे, "तू मार, माझं काडतूस भरायचं राहिलंय." रोही दिसला की, "तुझ्या बाजूला हाय, तुझाच." मी खूश व्हायचे, मला वाटायचं अप्पा लाड करायलेत. आईला मी बोलले नाही. खानचाचांना तर बोलायचा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाला सगळी पंचक्रोशी नेमासाठी ओळखते, त्याचा डोळा गेला हे त्याच्या दोस्ताला त्याच्या पोरीनं सांगायचं, हे मला जमलंच नसतं.

आणि माझा स्वतःचाही स्वार्थ होता, तो का लपवू. अप्पांनी सांगून ठेवलं होतं, "तीनशेपंधरा आली तर शकू किनवटला येणार. मोठी आली तर मी न् खानसायब दोघंच जाऊ. ती रायफल पोरीचा खांदा मोडंल." मला किनवटला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी झाडाचं नाव न् नाव खानचाचांकडून पाठ केलं होतं. मोह, तेंदू, ऐन. झरीच्या काळ्या रानात झाड म्हणजे बांधावरची बाभूळ. मला पानगळीच्या जंगलात, वाळक्या पानांवर पाय न वाजवता अप्पांच्या पुढं चालायचं होतं. मागं नाही, पुढं. मला कळत होतं की लग्न झालं की हे संपलं. जे काही व्हायचं ते या एका हिवाळ्यात.

शेवटी खानचाचांनीच तोडगा काढला. निजामाच्या वेळी म्हणे त्यांचे साहेब लोक बोर पारखायचे ते सरकीच्या पोत्यांवर. सरकीची पाच पोती एकामागं एक लावायची आणि बार काढायचा. गोळी किती पोत्यांतून गेली ते बघायचं. दोन पोती म्हणजे सांबराचा खांदा, अडीच म्हणजे अस्वल, तीन म्हणजे वाघ. हे अडीच कुठून आलं ते विचारायची सोय नव्हती. अप्पांनी त्यात आपली एक अट घातली. पहिल्या पोत्यावर चुन्याचा गोल काढायचा. मोठी मी चालवतो, तीनशेपंधरा शकू चालवंल, दोन-दोन बार. "गोलात बसली तर पुढची पोती मोजू. जी गोळी लागत न्हाई तिनं अस्वल मरत नसतं." खानचाचा म्हणाले, "बरोबर हाय." आई म्हणाली, "म्हशीची सरकी हाय ती. शिसं खाऊन म्हैस मेली तर दूध कुणाचं प्याल, त्या अस्वलाचं?" पण पोती दिली. पोत्यात गोळी शिरली की नाही हे न विचारता तिनं पुढं सगळा हिवाळा ती सरकी चाळणीनं चाळून म्हशीला घातली, मूठ मूठ करून, आणि प्रत्येक मुठीबरोबर निजामाच्या साहेबांचा उद्धार केला.

खानचाचा हैदराबादहून मोठी रायफल कापडी पिशवीत गुंडाळून घेऊन आले. तीनशेपंधरा जिंतूरकडच्या एका ओळखीच्यांची, दोन दिवसांच्या बोलीवर. हे सगळं कायद्यात बसत होतं का, ते आता विचारू नका. ती बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली सकाळ. आमच्या रानाच्या पलीकडं कोरडा ओढा होता, त्याची पलीकडची दरड उंच. दरडीला पाठ लावून पोती रचली, चुन्याचा ताटाएवढा गोल काढला. साठ पावलं खानचाचांनी स्वतः मोजली, दुखऱ्या गुडघ्यांनी. तुरीच्या रानातून वास येत होता आणि कुठंतरी लांब मोटेचं चाक कुरकुरत होतं. मोठी रायफल मी पहिल्यांदा हातात घेतली. दस्ता अक्रोडाचा, काळपट, कुणाच्या तरी गालानं घासून एका जागी गुळगुळीत झालेला. मला ती आवडली, हे कबूल करते. आवडली आणि तिचा रागही आला.

अप्पा बसले. उजवा गुडघा जमिनीवर, डावा उभा. दस्ता खांद्यात रुतवला. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, मला त्यांचा डोळा दिसत होता. ते नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो बारीक खिळा, शोधत होते. डोकं किंचित डावीकडं, मग उजवीकडं, मग परत. बार झाला तेव्हा ओढ्यातली सगळी पाखरं उठली. पोत्याच्या उजवीकडं, हातभर लांब, दरडीतून माती उडाली. अप्पांनी दुसरं काडतूस भरलं. दुसरीही तिथंच, थोडी खाली. अप्पा उठले, रायफल खानचाचांच्या हातात दिली आणि हातावरची माती झटकत बसले. माती नव्हतीच हातावर.

मग मला म्हणाले, "शकू, बस." मी बसले. तीनशेपंधरा माझ्या खांद्याला अशी लागली जशी ती माझीच होती. माशी गोलाच्या मध्ये स्थिर उभी राहिली. साठ पावलं माझ्यासाठी काहीच नव्हती. मी नुसतं बोट ओढायचं होतं आणि किनवट माझं होतं. पण मागं अप्पा उभे होते. खानचाचा बघत होते. मी गोलात मारली की कुणी काही म्हणायची गरज उरणार नव्हती. पोरीनं लावली आणि बापाची दोन हुकली, हे ओढ्यातून उठून संध्याकाळपर्यंत आमच्या परसात आलं असतं आणि मग झरीभर झालं असतं. हे मी विचार करून ठरवलं असं म्हणणार नाही. माझा हातच वळला. मी माशी गोलावरून सरकवली आणि उजवीकडं, अप्पांच्याच मातीजवळ बार काढला.

"सावकाश," अप्पा म्हणाले. "घाई न्हाई. वारं न्हाई, ऊन न्हाई डोळ्यावर. आणखी एक हाय तुझ्याकडं." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मी दुसरी भरली. बराच वेळ तशीच बसून राहिले. मग दुसरीही तिथंच घातली.

खानचाचा खाकरले. म्हणाले, "एसटीत आदळल्या दोन्ही. माश्या हलल्यात. बंदुकीचा दोष, माणसाचा न्हाई." आणि वाकून पोत्यांच्या दोऱ्या सोडायला लागले. अप्पांनी दरडीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "मोठीच घेऊ. तीनशेपंधरा काय पोरीला झेपंना दिसायली." एवढंच. मला वाटलं होतं की निदान घरी गेल्यावर काही बोलतील, मला विचारतील. विचारलं नाही. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडले. किनवटसाठी रडले, आणि त्याहून जास्त, ते असं कसं म्हणाले म्हणून रडले. झेपंना म्हणे. मला, जिनं दहा वर्षं त्यांचे तितर उचलले.

मोठी रायफल आलीच नाही. लायसनचा अर्ज कचेरीत फिरत राहिला, तेवढ्यात दुष्काळ पडला. लोकांना प्यायला पाणी नव्हतं, रायफलीचं कोण बोलणार. मग शिकारबंदीचा कायदा आला आणि किनवटचे परवाने बंद झाले. हैदराबादची रायफल दुसऱ्या कुणी घेतली. माझं लग्न पूर्णेला झालं, नवरा रेल्वेत कारकून. अतिशय भला माणूस, कुकरच्या शिट्टीला दचकायचा. खानचाचा गेले, तेव्हा मी बाळंतपणात होते, मला जाता आलं नाही. पूर्णेच्या घरात गाड्यांचे आवाज यायचे, शंटिंगचे, इंजिनाचे. दुपारी पोराला थोपटताना मी डोळे मिटून पानगळीच्या जंगलातून चालायचे. पाय वाजत नसायचे. अप्पा मागं असायचे, हाकेच्या अंतरावर. न पाहिलेल्या जागेची एवढी आठवण येते हे मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं, आणि सांगितलंही नाही कुणाला.

खानचाचा गेल्यावर तीनचार वर्षांनी परभणीला अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या वेळी मोतीबिंदू काढला की आठ दिवस माणसाला उताणं झोपवून ठेवायचे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही. आईला दवाखान्याचा वास सोसत नव्हता म्हणून मी राहिले. चमच्यानं पेज भरवायची, पाय चेपायचे, कोण आलं कोण गेलं ते सांगायचं. चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डात सगळे पेंगत होते. मला वाटलं अप्पाही झोपलेत. मी पायापाशी बसून पोराचा स्वेटर विणत होते.

"शकू हायस का?"

"हाय की अप्पा. पाणी देऊ?"

"नगं." मग छताकडं तोंड करून म्हणाले, "त्या ओढ्यात तू मुद्दाम चुकवलीस."

माझ्या सुया थांबल्या. मी म्हणाले, "कायतरीच तुमचं. माशी हलली होती तिची. खानचाचाच म्हणाले होते."

"खानसायबानंच त्या दिवशी घरी येताना वाटेत मला सांगितलं. म्हणले, अप्पासाब, तुमच्या पोरीनं आज तुमची इज्जत राखली. मी म्हणलं, मला बी कळलं." "हातभर उजवीकडं. तू शेंबडी होतीस तेव्हापासून तुझा नेम बघायलोय. तू एवढी चुकत न्हाईस."

म्हणजे आम्ही तिघं ओढ्यात उभे होतो आणि तिघांनाही सगळं माहीत होतं. मला वाटत होतं मी एकटीच काहीतरी सांभाळतेय. मी उठून त्यांच्या उशाशी गेले. मला राग आला होता, सात-आठ वर्षं साठलेला असल्यासारखा, आणि पट्टी बांधलेल्या माणसावर रागावताही येत नव्हतं. मी म्हणाले, "मग कळलं होतं तर मोठीच घेऊ का म्हणालात? पोरीला झेपंना म्हणालात. मी किती रडले माहीत हाय का?"

"मग काय म्हणणार होतो? तू दोन बार माझ्यासाठी मातीत घातलेस. त्याच्यावर मी म्हणायचं, न्हाई, पोरीला येतं, ती लपवायली? खानसायबासमोर तुझं ते केलेलं मी मोडायचं?" त्यांचा हात चादरीवरून चाचपडत आला, मी तो धरला. "मी काय त्या मोठीसाठी बसलो होतो का गं? मला माशीच दिसत न्हवती. मला माहीत होतं माझी लागणार न्हाई. मी ठरवून आलो होतो. तू गोलात लावली की तिथंच म्हणणार होतो, खानसायब, माझी नजर गेली, आता रायफल पोरीची, किनवटला तीच मारंल, मी नुसता मागं बसंन. मला आपल्या तोंडानं सुरुवात करता येत न्हवती. तू लावशील म्हणून उभा होतो."

नर्सनं येऊन बजावलं होतं की पेशंटला रडवायचं नाही, हसवायचं नाही, डोळ्यावर ताण येतो. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी वाळूच्या पिशव्यांमध्ये घट्ट धरलं, हलू नये म्हणून. माझं डोकं धरायला कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं, मला वाटलं आता झोपले, तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या बाराला तरी लावायचीस, शके."